सुईदोरा – तुमचे प्रश्न, या वेळी फक्त क्रेझी क्विल्टचे बदाम

नमस्कार मंडळी. या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची, हाताने भरलेले क्रेझी क्विल्टचे बदाम करायचे आणि एकमेकींना पाठवायचे. म्हणून ठरवलं की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात आणि हा अख्खा कॉलम बदामांना. बदाम म्हणजे पत्त्यातला बदाम हं, तळहातावर मावेल एवढा, वेड्यावाकड्या आकाराच्या कापडाच्या तुकड्यांचा, आणि प्रत्येक जोडावर भरतकाम केलेला.

प्रश्न: ताई, मैत्रिणीने मला असा एक बदाम पाठवला आणि मी वेडीच झालेय. पण याला क्विल्ट का म्हणतात, आत कापसाचा थर नाही, आरपार टाके नाहीत. आणि मला सुरुवात करायची तर काय काय आणू? भरतकाम शाळेत शिकले होते तेवढंच. – एक नवशिकी

तुमची शंका अगदी बरोबर आहे. नेहमीच्या क्विल्टमध्ये वरचं कापड, मधला थर आणि अस्तर असे तिन्ही आरपार टाके घालून धरतात, क्रेझी क्विल्टमध्ये तसं नसतं, इथे तुकडे एका साध्या आधाराच्या कापडावर बसवतात आणि सगळी मजा वरच्या भरतकामात. हा प्रकार गाजला तो अमेरिकेत, १८८० च्या दशकात. १८७६ साली फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे जपानच्या दालनातल्या वस्तू बघून लोक थक्क झाले, त्यात तडे गेल्यासारखी नक्षी असलेली चिनी मातीची भांडी होती आणि अशी एकसारखी नसलेली, एका बाजूला झुकलेली मांडणी त्यांना नवी होती. त्याच प्रदर्शनात लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क या भरतकामाच्या शाळेचं कामही होतं, ती शाळा १८७२ सालची. या दोन्हीचा परिणाम म्हणून घरोघरी रेशीम, मखमल, टायचे तुकडे, रिबिनी असं काय काय जोडून त्यावर पंखे, कोळ्याची जाळी, नावं, तारखा भरायला लागले. हे क्विल्ट बरेचदा पांघरायला नसायचेच, दिवाणखान्यात सोफ्यावर टाकायचे, म्हणून मधल्या थराची गरजच नव्हती.

आता सामान. उगाच पेटी भरून आणू नका. आधाराला मांजरपाट किंवा साधं सुती कापड, आधी धुवून इस्त्री केलेलं, म्हणजे नंतर आटणार नाही. वर लावायला पाच-सात प्रकारचे तुकडे, त्यात एक तरी साधं, एक चमकदार, एक बारीक नक्षीचं आणि एक मखमलीसारखं जाड असं असू द्या. दोरा सहापदरी लडीचा, त्यातले दोन किंवा तीन पदर घेऊन काम करायचं. मला जोडांवर पर्ल दोऱ्याचा आठ नंबर जास्त आवडतो, त्याला पीळ असतो त्यामुळे टाका उठून दिसतो (नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, पाच जाड, बारा बारीक, पहिल्यांदा घेताना उलटं होतं बरेच जणींचं). सुया दोन-तीन प्रकारच्या, मण्यांसाठी वेगळी बारीक. एक छोटी रिंग. बस.

आणि एक, पहिला बदाम स्वतःसाठी करा. अदलाबदलीत दुसऱ्यापासून उतरा.

प्रश्न: माझे बदाम कधीच एकसारखे होत नाहीत. एक गाल फुगतो, दुसरा बसका, आणि वर मध्ये जी खाच असते तिथे कापड चुरगळून गोळा होतो. टाके बरे येतात पण आकार बघून रडू येतं. कुठे चुकतंय? – तीन बदाम फेकून दिलेली

फेकून दिलेत? अहो ठेवायचे होते, उसवून वापरता आले असते. असो. तुमच्या पत्रावरून मला वाटतंय की तुम्ही आधी बदाम कापताय आणि मग त्यावर तुकडे लावून भरताय. उलटं करा. कापायचं सगळ्यात शेवटी.

बारा सेंटिमीटरचा बदाम हवा असेल तर आधाराचं कापड अठरा-वीस सेंटिमीटरचं चौकोनी घ्या. कागद मधोमध घडी घालून अर्धा बदाम कापा म्हणजे उघडल्यावर दोन्ही बाजू सारख्याच येणार, हाताने पूर्ण बदाम काढायच्या भानगडीत पडू नका. तो कागद आधारावर ठेवून पेन्सिलने बाहेरची रेघ काढा. मग कापड उलटून दुसऱ्या बाजूला तुकडे लावा, ते रेघेच्या बाहेर चांगले दोन सेंटिमीटर जाऊ द्या. तुकडे लावायची सोपी पद्धत अशी की पहिला तुकडा पाच बाजूंचा कापायचा आणि मधल्या बिंदूपासून थोडा एका बाजूला ठेवायचा, बरोब्बर मधोमध ठेवला की सगळं फुलासारखं गोल दिसायला लागतं आणि क्रेझीपणा जातो. दुसरा तुकडा त्याच्यावर उलटा ठेवून एका बाजूने शिवायचा, उलटून इस्त्री करायची, मग तिसरा, असं गोल फिरत जायचं. प्रत्येक वेळी इस्त्री, कंटाळा आला तरी. शेवटच्या एक-दोन ठिकाणी कोन अडचणीचा येतो, तिथे मशीन नको, तुकड्याची कड आत दुमडून हाताने बारीक हातशिलाई करा, वरून भरतकाम येणारच आहे, कोणाला कळणार नाही.

तुकडे लावून झाले की मागच्या बाजूला पेन्सिलची रेघ दिसतेच, त्या रेघेवरून धावदोरा घाला, वेगळ्या रंगाचा. म्हणजे बदामाची रेघ पुढच्या बाजूलाही दिसते आणि भरतकाम करताना तुम्हाला कळतं की आपण कुठपर्यंत आहोत. ही एक गोष्ट केलीत तरी निम्मा त्रास संपतो. मणी, गाठी, बटणं असलं काहीही या रेघेपासून दीड सेंटिमीटर आतच ठेवा, नाहीतर शेवटी मशीनची सुई मण्यावर आपटते, मणी फुटतो, कधी सुईही. माझा एक काळ्या मखमलीचा बदाम, चार संध्याकाळी बसून केलेला, असाच शेवटच्या शिलाईत गेला होता, त्याची हळहळ अजून आहे.

आता ती खाच. बदामाच्या तिरक्या बाजू उरेब येतात, ओढलं की ताणतात, म्हणून एक गाल फुगतो. आधाराचं कापड घट्ट विणीचं असेल आणि त्याचा उभा धागा बदामाच्या मधल्या रेघेला धरून असेल तर ताणणं खूप कमी होतं. खाचेच्या जागी दोन तुकड्यांचा जोड येऊ देऊ नका, आधीच तिथे शिवणीची माया असते, त्यात जोडाचे थर आले की गोळा होणारच. तुकड्यांची मांडणी करतानाच बघा की खाच एखाद्या पातळ कापडाच्या मधोमध पडतेय. मागचं कापड लावून रेघेवरून शिवताना खालच्या सरळ बाजूला पाच-सहा सेंटिमीटर उघडं ठेवा, गोलाईवर कधीच उघडं ठेवू नका, ते बंद करताना नीट बसत नाही. खाचेपाशी टाके बारीक करा, त्या टोकाशी एक आडवा टाका घेऊन मग वळा. मग माया सहा मिलिमीटर ठेवून कापा, खाचेत शिवणीच्या अगदी जवळपर्यंत, एक-दोन धागे शिल्लक राहतील इतपत कात्री न्या. हे करायला हात थरथरतो पण तिथे घाबरून लांब थांबलात तर उलटवल्यावर सुरकुती राहते. गालांवर छोटे छोटे त्रिकोणी काप द्या.

भरताना कापसाचा मोठा गोळा कोंबू नका. चिमूट चिमूट, आधी दोन्ही गाल, मग टोक, मग पोट. क्रोशाच्या सुईचं मागचं बोथट टोक यासाठी छान.

प्रश्न: मला फक्त साखळी, काजाचा टाका, लेझी डेझी आणि फ्रेंच नॉट येतात. ग्रुपमधल्या बाकीच्यांचं काम बघून छाती दडपते. एवढ्यावर कसं भागणार? – चार टाक्यांची मालकीण

भागतं. भागतं म्हणजे काय, छान होतं. क्रेझी क्विल्टचं भरतकाम थरावर थर असतं, आधी जोडावर एक सलग टाका, मग त्याच्या टोकांवर दुसरा छोटा टाका, मग तिसऱ्यात गाठ किंवा मणी. म्हणजे काजाचा टाका घ्या, पण उभ्या रेघा एकसारख्या न घेता लांब-आखूड-लांब, किंवा तीन एकत्र मग जागा मग तीन. प्रत्येक लांब रेघेच्या टोकाला लेझी डेझीच्या तीन पाकळ्या, मध्ये गाठ. झालं, हे फुलांचं कुंपण झालं. त्याच काजाच्या रेघा पंख्यासारख्या पसरवल्या की वेगळंच काहीतरी होतं. साखळीचंही तसंच आहे, सरळ नेली की वेल, दोन रंगांत शेजारी शेजारी नेली की दोरखंड, नागमोडी नेऊन वळणावर पानं काढली की अजून एक. चार टाक्यांत मी तुम्हाला पंधरा वेगवेगळे जोड करून दाखवीन.

पाचवा शिकायचाच तर फेदर स्टिच शिका. काजाचाच भाऊ आहे तो, फक्त एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असा खाली उतरत जातो, आणि वाकड्या जोडावरही छान वळतो. त्यानंतर हेरिंगबोन, एकमेकांवर चढलेल्या तिरक्या टाक्यांचा. या दोघांना धावदोऱ्याच्या दोन रेघा आखून त्यांच्या मधेच काम करा, अंतर सारखं राहतं, नंतर त्या रेघा ओढून काढा.

दोऱ्याची लांबी पंचेचाळीस सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, मोठा दोरा घेऊन वेळ वाचत नाही, गुंता होतो आणि कापडातून जाऊन जाऊन त्याचं तेज जातं. जरीचा किंवा चमकीचा दोरा असेल तर अजून आखूड, तीस-पस्तीस. बुलियन, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन केलेली लांबट गाठ, करायला सरळ सुई घ्या जिचा नाकाचा भाग फुगीर नसतो, नाहीतर वेढ्यातून ओढताना अडकतेच. कोळ्याची जाळी विणताना उलट बोथट सुई, म्हणजे दोऱ्यात घुसत नाही.

आणि छाती दडपायची गरजच नाही. गच्च भरलेले बदाम बघितले की डोळा थांबतच नाही कुठे, एखादा तुकडा रिकामा सोडलेला असतो ना, त्यानेच बाकीचं उठून दिसतं. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक बदामांना वीस मणी कमी चालले असते.

प्रश्न: नक्षी काढायला जादूचं पेन आणलं, इस्त्री फिरवली की रेघ जाते असं. बदाम पाठवला आणि तिकडच्या ताईचा फोन, रेघा दिसतायत म्हणून. मी तर स्वतः बघून पाठवला होता. असं कसं? – गोंधळलेली

तुमची चूक नाही. ती शाई उष्णतेने फक्त अदृश्य होते, कापडातून जात नाही, खूप थंडीत परत उमटते. पार्सल कुठे गारठ्यात पडलं असेल प्रवासात. ताईंना सांगा मागून हलकी इस्त्री फिरवा, जाईल, पण पुन्हा येऊ शकते. दुसऱ्यांसाठी करताना पाण्याने जाणारं निळं पेन वापरा, आणि त्याचं उलट लक्षात ठेवा, ते पाण्याने पूर्ण काढल्याशिवाय इस्त्री करायची नाही, उष्णतेने ते पक्कं बसतं. मी स्वतः धावदोऱ्यानेच आखते. वेळ लागतो पण झोप शांत लागते.

प्रश्न: आजीच्या पेटीत जुन्या रेशमी कापडाचे तुकडे मिळाले, रंग असे की आता कुठे मिळणार नाहीत. पण घडीवर हात लावला की उभ्या चिरा पडतात. हे वापरून बदाम केले तर आजीची आठवण सगळ्यांकडे जाईल असं मनात आहे. – नात

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कापडाचं आधी सांगते. कच्च्या रेशमावर एक डिंकासारखा थर असतो, तो काढला की वजन साधारण पाव भागाने कमी होतं, आणि रेशीम वजनावर विकलं जायचं, म्हणून एके काळी कारखान्यांत कथिलाचे, लोखंडाचे क्षार त्यात मुरवून वजन भरून काढायचे. कापड जड, सळसळतं, भारी वाटायचं. पण तेच क्षार कालांतराने धागा आतून ठिसूळ करतात आणि मग अशा चिरा पडतात. त्या काळच्या कितीतरी क्रेझी क्विल्टमध्ये शेजारची मखमल धडधाकट आणि रेशमाचा तुकडा पार झडलेला असं दिसतं, त्याचं एक मोठं कारण हेच. नुसत्या उजेडाने, वयानेही रेशीम विरतं. तुमच्या तुकड्यांचं नेमकं काय झालंय हे कापड न बघता सांगता येणार नाही, पण चिरा सुरू झाल्यात म्हणजे ते थांबवता येत नाही एवढं नक्की.

म्हणून हे कापड अदलाबदलीच्या बदामात घालू नका. घेणारीला माहीत नसणार, ती हातात घेईल, टांगेल, दाबेल आणि सहा महिन्यांत तो तुकडा भुगा होईल, आणि तिला वाटेल आपल्याच हातून बिघडलं. त्याऐवजी पेटीत लेस, रिबीन, बटणं, सुती काठ असं काही असेल तर बघा, सुती बहुधा टिकलेलं असतं. प्रत्येक बदामात आजीचं एक बटण, आणि मागे चिठ्ठीवर दोन ओळी ते कुठलं आहे याच्या. रेशमाचा एकच बदाम करा, स्वतःसाठी, त्या तुकड्यावर त्याच रंगाच्या जवळची तलम जाळी ताणून बसवा म्हणजे झडलं तरी जागेवर राहील, भरतकाम जाळीच्या कडेनेच करा, रेशमाच्या मधून सुई घालू नका, आणि काचेच्या चौकटीत उन्हापासून लांब ठेवा.

प्रश्न: सहा जणींच्या गटात अदलाबदल होती. मी प्रत्येकीसाठी एक असे पाच बदाम केले, दोन महिने घालवले, रेशमी रिबिनीची फुलं, सगळं. मला जे आले त्यातले दोन सुंदर, दोन ठीक, आणि एक तर डिंकाने चिकटवलेली लेस आणि बाहेर आलेला कापूस. बोलायचं का? मन फार खट्टू झालंय, पुन्हा भाग घ्यावासा वाटत नाही. – नाव नको

खट्टू होणं साहजिक आहे, मला वाचतानाच वाईट वाटलं. यात दोन गोष्टी वेगळ्या करून बघू या.

कमी येणं ही एक गोष्ट. जिला तीनच टाके येतात तिने तीन टाक्यांचा बदाम पाठवला तर ती बरोबरीची देवाणघेवाण आहे असं मी मानते, कारण टाके मोजून सारखं करायला गेलो तर नवीन कोणी येणारच नाही आणि दोन-चार तरबेज जणीच एकमेकींना पाठवत बसतील. मी सुरुवात केली तेव्हा ज्या ताईने मला बदाम पाठवला होता तो माझ्या बदामापेक्षा दहापट सुरेख होता, आणि तिने माझा बदाम आजही सुया टोचायला वापरते असं कळवलं होतं. तेव्हापासून मी ही गोष्ट सोडलेली नाही.

निष्काळजीपणा ही दुसरी गोष्ट. उघडी राहिलेली शिवण, डिंकाचे डाग, लोंबणारे दोरे, याला कौशल्य लागत नाही, अर्धा तास जास्त लागतो. जी वस्तू दुसऱ्याच्या हातात जायची आहे तिची शिवण पक्की असलीच पाहिजे, मणी ओढून बघितलेले असलेच पाहिजेत, एवढं मी कोणाकडूनही मागते, नवशिकीकडूनही.

तर बोला, पण तिला एकटीला, आणि सगळ्यांसमोर नाही. बदाम मिळाला, धन्यवाद, एका बाजूची शिवण उसवली होती ती मी बंद करून घेतली, एवढंच सरळ लिहा. बहुतेक वेळा समोरून उत्तर येतं की घाईत होते, आजारपण होतं, तारीख जवळ आली होती. काहीच उत्तर आलं नाही तर पुढच्या फेरीत तिच्या जोडीला राहू नका, संपलं.

गट चालवणाऱ्या ताईला मात्र हे जरूर सुचवा की पुढच्या वेळी सुरुवातीलाच लिहून ठेवा. बदाम केवढा, भरून पूर्ण केलेला की नुसता सपाट भरतकाम केलेला चौकोन, कमीत कमी किती जोडांवर भरतकाम हवं, डिंक चालेल का, धुता आला पाहिजे का, रंगांची आवड, कोणाला अत्तराची किंवा धुराच्या वासाची किंवा प्राण्यांच्या केसांची ॲलर्जी आहे का, पाठवायची शेवटची तारीख, आणि कोणी मध्येच गळली तर काय. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मी ज्या गटात आहे तिथे प्रत्येकीने एक बदाम जास्तीचा करून चालवणाऱ्या ताईकडे ठेवायची पद्धत आहे, कोणाचं पार्सल हरवलं किंवा कोणी गळालं तर त्यातून देतात, एकही जण रिकाम्या हाताने राहत नाही. आणि तारीख ठरवताना एका बदामाला किती वेळ लागतो ते आधी स्वतः मोजा. मला चार-पाच संध्याकाळी लागतात, म्हणजे पाच बदामांना महिना गेलाच, वर शिवण आणि पार्सल.

पुन्हा भाग घ्यायचा का, तर घ्या, पण पाचच्या ऐवजी एका जणीशी एक अशी छोटी अदलाबदल करून बघा आधी. आणि तुमचे ते रिबिनीच्या फुलांचे पाच बदाम वाया गेले असं समजू नका. पाठवताना मला नेहमी वाटतं की जो द्यायला जीवावर येतो तोच बदाम पाठवायला काढावा, तुम्ही तर पाचही तसेच पाठवलेत.

प्रश्न: मी पुरुष, वय एकाहत्तर. बायकोच्या दोऱ्यांच्या लड्या आणि कापडं घरात आहेत, ती आता नाही. तिचं बघून बघून मला थोडं येतं. बदाम करणाऱ्या गटात मला घेतील का, की विचित्र दिसेल? – एक आजोबा

आजोबा, जरूर या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी बदामाच्या आकाराच्या टाचण्यांच्या उशा करून घरी बायकोला, आईला पाठवलेल्या आजही संग्रहालयांत आहेत, आत लाकडाचा भुसा, वर मखमल, मणी, आणि टाचण्यांनी काढलेली नक्षी, मधोमध पलटणीचं चिन्ह. तेव्हा बदाम शिवणारे हात पुरुषांचे होते हे काही नवीन नाही. वहिनींच्या लड्यांपैकी एक रंग वेगळा काढून ठेवा आणि प्रत्येक बदामात त्याचा एक तरी टाका घाला, चिठ्ठीवर कोणाचा दोरा ते लिहा. डोळ्यांना त्रास होत असेल तर काळ्या कापडावर काम संध्याकाळी करू नका, दिवसा खिडकीशी बसा, मांडीवर पांढरा कपडा अंथरा म्हणजे विणीतली भोकं दिसतात.

प्रश्न: लाल कापड वापरलेला बदाम पाण्याचा थेंब पडून गुलाबी झाला. आणि पार्सलमध्ये मणी फुटतात. पाठवायची नीट पद्धत सांगा ना. – घाईतली

लाल, गडद निळा, काळा यांना तपासल्याशिवाय हात लावू नका. पांढरा ओला बोळा तुकड्यावर दाबून घासा, रंग लागला तर तो तुकडा एक तर धुवून धुवून रंग थांबेपर्यंत काढा किंवा सोडून द्या. दोराही तपासा, दोरासुद्धा रंग सोडतो.

पार्सलचं म्हणाल तर सपाट चौकोन पाठवणं सगळ्यात सोपं, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये. भरलेला बदाम असेल तर पातळ लिफाफा नको, टपालाची वर्गवारी करायच्या यंत्रात दाबला जातो आणि मणी तिथेच फुटतात, छोटी खोकी घ्या. आधी मऊ कागद, मग पाणी न लागणारी पिशवी, मग खोकं. आत हललं नाही पाहिजे. टाचणी विसरून आत राहिली नाही ना ते बोटाने दाबून बघा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. आत अक्रोडाच्या कवचाचा चुरा भरला असेल तर चिठ्ठीवर ठळक लिहा, कोणाला ॲलर्जी असू शकते. लॅव्हेंडर भरलं तरी लिहा. परदेशात जाणार असेल तर बाहेर हाताने भरलेली कापडी वस्तू, भेट, असं साधं खरं वर्णन.

मागच्या बाजूला तुमची आद्याक्षरं आणि साल टाक्यांनी भरा. बरेच जण संकोचाने टाळतात, पण जुन्या क्विल्टवर नाव-तारीख सापडली की बघणाऱ्याला किती आनंद होतो ते आठवा.

प्रश्न: माझ्याकडे आलेले अडतीस बदाम एका डब्यात आहेत. काढून बघते, परत ठेवते. यांचं करायचं काय? – डबेवाली

डब्यातून काढा आधी. प्लास्टिकचा डबा असेल तर दमट हवेत बुरशीची भीती, सुती पिशवीत किंवा कापडात गुंडाळून ठेवा, एकावर एक रचू नका, मण्यांचे वळ मखमलीवर उठतात आणि मखमलीची लव बसली की परत उठवणं कठीण (उठवायची तर वाफ द्यायची, इस्त्री टेकवायची नाही). पाच-सहा दोरीत ओवून भिंतीवर लावा, थेट ऊन येणार नाही अशा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला, म्हणजे सगळ्यांना पाळीपाळीने बाहेर येता येईल आणि रंगही कमी उडतील. सपाट चौकोन असतील तर त्यांची पानं करून कापडी पुस्तक शिवा, प्रत्येक पानाच्या उलट बाजूला पाठवणारीची चिठ्ठी ठेवायला खिसा. माझ्याकडे असं एक आहे, चौदा पानांचं, त्यातल्या दोन ताई आता भरतकाम करत नाहीत, एकीची नजर गेली. तिला मध्यंतरी फोन केला आणि तिच्या बदामावर बोट फिरवत सांगत गेले की इथे तुझा फेदर स्टिच, इथे तीन गाठी, इथे तो हिरवा मणी. ती म्हणाली चौथी गाठ पण आहे बघ, खाली पानाच्या आड. खरंच होती.